पाऊस नेमका कुठे आहे? : काउआई बेटावरील एप्रिलचे सहा दिवस

निघण्यापूर्वी आठवडाभर मी मोबाइलवर काउआईचे हवामान पाहत होते आणि सातही दिवसांखाली ढग व तिरप्या रेघांचे तेच चित्र दिसत होते. हवाईची तिकिटे काढून झालेली, राहण्याचे पैसे भरलेले आणि समोर सलग सात दिवसांचा पाऊस! शेवटी मी तो मोबाइल ताईपुढे धरला. माझी ही थोरली बहीण आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली आहे. तिने चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न विचारला, "हा पाऊस बेटावर नेमका कुठे पडणार आहे, ते लिहिलंय का यात?" तसे काही लिहिलेले नव्हते. "मग नुसतं चित्र बघून काय करायचंय?" असे म्हणून ती पुन्हा बॅग भरू लागली आणि तिने छत्री आत टाकली. छत्रीबाबत तिचा अंदाज चुकला, पण तिचा प्रश्न पुढे सहाही दिवस आमच्या उपयोगी पडला.

काउआई हे हवाईच्या मुख्य बेटांपैकी सर्वांत जुने आणि त्यामुळे सर्वांत झिजलेले बेट आहे. त्याचे अक्षांश सुमारे २२ अंश उत्तर, म्हणजे नागपूरच्या किंचित वरचे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरात पारा चाळिशीपार गेलेला असतो, तर येथील लिहुए गावात दुपारी २६ आणि रात्री २० अंशांच्या आसपास असतो. चहूबाजूंचा पॅसिफिक महासागर आणि ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे हे त्यामागचे कारण आहे. जुन्या हवाई परंपरेत वर्षाचे दोनच ऋतू मानले जातात : पावसाळी गारव्याचा 'होओइलो' आणि कोरड्या उबेचा 'काउ'. एप्रिल या दोहोंच्या उंबरठ्यावर येतो. हिवाळ्यात अधूनमधून खंडित होणारे व्यापारी वारे या सुमारास हळूहळू पुन्हा स्थिर होऊ लागतात, आणि त्यांची ती घडी बसणे म्हणजेच येथील वसंत, असे मला परतल्यावर वाटते.

पहिला दिवस : लिहुए ते कापाआ

विमान वेळेवर उतरले, भाड्याची मोटार विनासायास मिळाली. वाहनतळावर बारीक भुरभूर चालू होती म्हणून ताईने छत्री उघडली आणि दुसऱ्याच क्षणी ती उलटी होऊन तिच्या काड्या आकाशाकडे झाल्या. आजूबाजूला कोणाच्याही हातात छत्री नव्हती. लोक अंगावर चार थेंब घेत सावकाश चालले होते, आणि आम्ही छत्री सरळ करेपर्यंत ऊनही पडले.

आमचा मुक्काम पूर्व किनाऱ्यावरील कापाआ गावात होता. घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. येथे वयाने मोठ्या स्त्रीला ओळख नसली तरी 'आंटी' म्हणण्याची पद्धत आहे, त्यामुळे त्यांना कसे संबोधावे हा प्रश्न पडला नाही. अंगणात एक कोंबडा चार कोंबड्यांसह हिंडत होता. तो आंटींचा नव्हता, कोणाचाच नव्हता. बेटावर मोकाट कोंबड्या सर्वत्र दिसतात. हवाईच्या इतर मोठ्या बेटांप्रमाणे येथे मुंगसांचा वावर नाही, म्हणून त्यांचे फावले. १९९२ च्या सप्टेंबरात आलेल्या 'इनिकी' चक्रीवादळात खुराडी उडाली आणि ही फौज वाढली, असे येथील लोक सांगतात.

त्या रात्री पावसाने मला तीनदा जागे केले. पत्र्यावर एकदम ताशा वाजू लागे, पाचेक मिनिटे टिके आणि मग वळचणीचे ठिबकणे तेवढे उरे. सकाळी चहा घेताना मी रात्रीच्या पावसाचा विषय काढला, तर आंटी म्हणाल्या, "तो होय! तो तर रोजचाच." वाऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्यावर असे शिरवे बहुधा रात्री आणि पहाटे येतात, हे नंतर आमच्याही लक्षात आले. म्हणूनच पहाटे पाच वाजता खिडकीबाहेर पाऊस दिसला म्हणून दिवसाचा बेत मोडू नये. पूर्वेकडील घरांत पंख्याचीही गरज पडत नाही, परंतु ओले टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत. त्यामुळे एखादी दोरी आणि चिमटे सोबत असलेले बरे.

दुसरा दिवस : पोइपू आणि हानापेपेचे मिठागर

सकाळी साडेसातला निघालो, तेव्हा डोंगरावर पाऊस आणि पाठीशी कोवळे ऊन असल्याने पश्चिमेला संपूर्ण इंद्रधनुष्य उभे होते. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर चढला की सपाटीवरून पाहणाऱ्याला इंद्रधनुष्य दिसत नाही, आणि एप्रिलमध्ये येथे तो दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो. "सकाळी पश्चिमेला बघायचं आणि संध्याकाळी पूर्वेला. दुपारी शोधत बसू नये," हा ताईचा नियम परतीपर्यंत एकदाही चुकला नाही.

पाऊण तासाच्या प्रवासात हवामान बदलत गेले. लिहुएपर्यंत काच पुसणी चालू होती, पुढे निलगिरीच्या झाडांच्या बोगद्यातून जाताना रस्ता नुसता ओलसर होता आणि पोइपूला पोचलो तेव्हा फुफाटा, पिवळे गवत आणि एका बागेत पुरुषभर उंचीचे निवडुंग. ताईने गाडीतच तास घेतला. ईशान्येकडून बाष्प घेऊन येणारे वारे मधल्या वाइआलेआले शिखराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. हा शाळेच्या पुस्तकातला प्रतिरोध पाऊस. अवघ्या १,५६९ मीटर उंचीच्या त्या माथ्यावर वर्षाला साडेनऊ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपटीहून अधिक, आणि दक्षिणेला, पर्जन्यछायेतल्या या पोइपूच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्साच येतो. वाई आणि महाबळेश्वर यांच्यात जे घडते तेच येथे घडते, फक्त येथे ते बारा महिने चालते आणि त्याला जून लागत नाही.

पोइपूच्या वाळूत एक मंक सील, म्हणजे केवळ हवाईत आढळणारा दुर्मीळ सील, आडवा पडला होता. भोवती दोरी लावून स्वयंसेवक उभे होते. सीलपासून निदान १५ मीटर अंतर राखावे लागते. कोरड्या वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि त्वचा मात्र भाजते, हे मला संध्याकाळी खांद्यांनी सांगितले. उन्हापासून संरक्षण देणारे मलम नेताना त्यातील घटक पाहावेत. प्रवाळाला घातक मानलेल्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्झेट असलेल्या मलमांच्या विक्रीवर हवाईत २०२१ पासून बंदी आहे.

परंतु त्या दिवसाची खरी आठवण हानापेपेची आहे. गावाबाहेर समुद्राला लागून मातीची मिठागरे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ठराविक कुटुंबेच ती राखतात. खाऱ्या पाण्याच्या विहिरी, तेथून पाणी मुरवण्याचे हौद, आणि शेवटी काळ्या चिकणमातीने सारवून गुळगुळीत केलेले वाफे. हे आगर पाहून आपल्याकडच्या खाजणाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बाहेरच्यांनी आत पाऊल टाकायचे नसते, म्हणून आम्ही कडेला उभ्या राहिलो. बहुतेक वाफ्यांत गढूळ पाणी साचलेले होते. एक पन्नाशीचे गृहस्थ गुडघाभर चिखलातून बाहेर आले, हात धुतले आणि आपणहून बोलू लागले.

मीठ उन्हाळ्यात धरते, पण त्याची तयारी वसंतात व्हायला हवी, असे त्यांनी सांगितले. हिवाळ्याचे पाणी आटल्याशिवाय वाफ्याची माती सारवता येत नाही आणि सारवण वाळण्यापूर्वी एक मोठी सर आली की सारे पुन्हा पहिल्यापासून. "सलग दहा कोरडे दिवस मिळू देत, मग बघा," असे म्हणताना ते समुद्राकडे पाहत होते. पाऊस लांबला तर संपूर्ण वर्षाचे मीठ हातचे जाते. मी विचारले, थोडे विकत मिळेल का? ते हसले. हे मीठ विकायचे नसते. द्यायचे असते किंवा कशाच्या तरी बदल्यात घ्यायचे असते. मग त्यांनी गाडीतून एक लहान पुडी आणून ताईच्या हातावर ठेवली. 'अलाएआ' नावाची तांबडी माती मिसळल्यामुळे ते जाडे खडे विटकरी रंगाचे झाले होते. बदल्यात देण्यासारखे आमच्याजवळ काय होते? ताईने पर्समधून शेंगदाण्याच्या चिक्कीचे पाकीट काढून दिले आणि त्यांनी ते तितक्याच गांभीर्याने घेतले.

तिसरा दिवस : वाइमेआची दरी आणि कोकेए

पश्चिमेला वाइमेआपर्यंत समुद्रकाठचा रखरखाट, आणि तेथून चढणीचा वळणावळणांचा रस्ता. वाइमेआची दरी सुमारे सोळा किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी हजार मीटरपर्यंत खोल आहे. लोहाच्या गंजाने लाल झालेल्या कड्यांवरून ढगांच्या सावल्या सरकत होत्या. छायाचित्रांत ती दरी स्थिर दिसते, प्रत्यक्षात तिचा रंग दर मिनिटाला बदलतो.

वर कोकेएला गाडीचे दार उघडताच आम्ही दोघींनी शाली काढल्या. समुद्रकाठी २६ अंश असताना येथे बाराशे मीटरच्या उंचीवर सतरा-अठरा होते आणि वाऱ्यामुळे ते त्याहूनही कमी वाटत होते. उष्ण कटिबंधातले बेट म्हणून केवळ सुती कपडे आणलेले एक तरुण जोडपे वाहनतळावर अंग चोळत उभे होते. कालालाउ दरीच्या सज्जावर पोचलो, तेव्हा समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काहीच नव्हते. लोक येत, भिंतीचे छायाचित्र काढत आणि निघून जात. आम्ही कठड्यावर बसून दशम्या काढल्या. वीस मिनिटांनी भिंतीला खालच्या अंगाला एक भोक पडले, त्यातून निळ्या समुद्राचा तुकडा दिसला, आणि बघता बघता पडदा सारल्यासारखी सगळी दरी उघडी पडली. हिरव्या सुळक्यांच्या रांगा हजार-बाराशे मीटर खाली थेट फेसाळ लाटांपर्यंत उतरल्या होत्या. हे दृश्य मोजून सात मिनिटे टिकले. दिवस चढतो तसे ढगही चढतात, म्हणून येथे सकाळी नऊच्या आत पोचावे आणि ढग असले तरी अर्धा तास बसून राहावे.

जवळच्या पायवाटेवर 'ओहिआ' वृक्षांना लालभडक, केसरांच्या गोंड्यांसारखी 'लेहुआ' फुले आली होती आणि तितकेच लाल 'आपापाने' पक्षी त्यांत चोची खुपसत होते. ओहिआ आणि लेहुआ हे एकेकाळचे प्रेमिक, त्यामुळे फूल तोडले की त्यांची ताटातूट होऊन पाऊस येतो, अशी येथील लोककथा आहे. या वृक्षांवर एक जीवघेणा बुरशीरोग पसरत असल्याने पायवाटेच्या तोंडाशी बुटांचे तळवे घासण्यासाठी ब्रश ठेवलेले असतात. ते वापरायला दोन मिनिटे लागतात, तरी अनेक जण सरळ पुढे जाताना दिसले, याचा मला राग आला.

चौथा दिवस : किलाउएआ आणि हानालेइ

उत्तरेला किलाउएआच्या दीपगृहापाशी (याच नावाचा ज्वालामुखी दूर दुसऱ्या बेटावर आहे, घोटाळा होऊ देऊ नये) कड्यावर 'मोली', म्हणजे लेसन आल्बट्रॉस पक्ष्याचे पिल्लू बसले होते. फेब्रुवारीच्या सुमारास अंड्यातून आलेले हे पिल्लू जुलैपर्यंत येथेच राहणार होते. करड्या लोकरीचा गोळा, त्यातून डोकावणारी लांब चोच, आणि वर पाऊस. प्रत्येक सरीनंतर ते उभे राहून अंग झटके, वाऱ्याकडे तोंड करून अर्धवट पंख उघडे, आणि जणू काही घडलेच नाही असे पुन्हा बसे.

हानालेइच्या खोऱ्यात उतरलो तेव्हा भुरभूर थांबून पाऊस धो धो लागला. वरच्या सज्जावरून खाली चौकोनी पाणथळ खाचरे दिसतात. भाताची वाटतात, पण आहेत अळूची! हवाईत पिकणाऱ्या अळूचा मोठा हिस्सा या खोऱ्यातून येतो. येथे पानांपेक्षा कंदाला मान आहे. तो शिजवून, ठेचून त्याचे जांभळट 'पोई' करतात. ती जराशी आंबूस पेज मला बेताचीच आवडली. 'कुलोलो' मात्र, म्हणजे किसलेला अळूकंद, नारळाचे दूध आणि साखर एकत्र शिजवून केलेली चिकट तपकिरी वडी, आम्ही दोनदा घेतली. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने चाखून ताई म्हणाली, "चिंच-गूळ घातला असता तर आपलं फदफदंच!"

येथील पावसांना शेकडो नावे आहेत. हानालेइच्या मुसळधार पावसाचे नाव 'लोकु', असे खानावळीतील मुलीने सांगितले. ताईने उलट तिला वळीव, झड, भुरभूर, रिपरिप असे आपले चार-पाच पाऊस मोजून दाखवले, तेव्हा स्वयंपाकघरातून आणखी दोघे ऐकायला बाहेर आले. बोलता बोलता २०१८ चा विषय निघाला. त्या वर्षी १४ व १५ एप्रिलला हानालेइलगतच्या वाइपा येथे २४ तासांत १,२६२ मिलिमीटर पाऊस झाला आणि तो संपूर्ण अमेरिकेचा विक्रम ठरला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता, हे ज्यांना आठवते त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दरडी कोसळून पुढचा रस्ता वर्षाहून अधिक काळ सर्वसामान्य वाहतुकीला बंद होता. वसंतातला पाऊस बहुधा चार मिनिटांचा असतो खरा, पण वातावरणाच्या वरच्या थरांत थंड हवा आली आणि ढग डोंगराला खिळून राहिला, तर तोच पाऊस असेही करतो.

पूर आला की हानालेइ नदीवरील पुलाकडचा रस्ता बंद करतात. उत्तरेत मुक्काम नसेल तर पाऊस वाढताच दक्षिणेकडे निघावे. पुढील एकपदरी पुलांवर समोरून येणाऱ्या पाच-सात गाड्या जाऊ देऊन मग आपण जाण्याचा रिवाज आहे. रस्ता जेथे संपतो, त्या हाएना उद्यानासाठी राज्याबाहेरील प्रवाशांना आगाऊ नोंदणी करावी लागते. ती तीस दिवस आधी खुली होते आणि भराभर संपते. आम्ही ती केली नव्हती, त्यामुळे आम्हाला हानालेइहूनच परतावे लागले.

पाचवा दिवस : वारा फिरतो

या दिवसाने ताईचा नकाशा उलटा केला. पहाटे उठलो तर पत्र्यावर पाऊस नाही, झाडाचे पान हलत नाही आणि अंगाला घाम. आंटी अंगणात हात वर करून वारा अजमावत होत्या. "कोना," एवढेच त्या म्हणाल्या. व्यापारी वारे पडले की कधीकधी वारा नैर्ऋत्येकडून येऊ लागतो, त्याला कोना म्हणतात. हिवाळ्यात तो अधिक असतो, एप्रिलमध्येही त्याचा एखादा फेरा होतो.

त्या दिवशी 'ना पाली' या वायव्य किनाऱ्याच्या कड्यांखालून जाणाऱ्या बोटीची आमची तिकिटे होती आणि बोट दक्षिणेच्या पोर्ट ॲलनहून सुटणार होती. पावणेपाचला उठून, अंधारात तासभर गाडी हाकून धक्क्यावर पोचल्यावर दहा मिनिटांनी फेरी रद्द झाल्याचा संदेश मोबाइलवर आला. पैसे परत मिळाले, निर्णयही योग्यच होता, कारण दक्षिणेचा समुद्र चांगलाच उसळला होता. पण हा अंदाज त्यांना आदल्या रात्री नव्हता, यावर माझा विश्वास बसत नाही. समुद्रसफर सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांत ठरवावी, म्हणजे ती हुकल्यास दुसरा दिवस हाताशी राहतो.

आणि पाऊस? तो तेथेच, त्या कोरड्या दक्षिणेला पडत होता. धक्क्यावरून मिठागरे जवळच, म्हणून ताई म्हणाली, जाऊन बघू. गाडीच्या काचेतूनच पाहिले. तीन दिवसांपूर्वी त्या गृहस्थांनी मोकळे केलेले वाफे पुन्हा भरले होते आणि पाण्यावर थेंबांची टपटप चालली होती. तेथे कोणीही नव्हते. आम्ही दोघीही काही बोललो नाही.

मग आम्ही दीड तास गाडी चालवून पुन्हा हानालेइ गाठले. जेथे आदल्या दिवशी 'लोकु' कोसळत होता, तेथे लखलखीत ऊन होते. हिवाळ्यात दोन पुरुष उंचीच्या लाटा उठणारा तो उपसागर तळ्यासारखा निजला होता. मात्र नदीने आणलेल्या गाळाने किनाऱ्याजवळचे पाणी चहाच्या रंगाचे झाले होते. अशा पाण्यात उतरू नये, असा आरोग्य खात्याचा इशारा असतो. गोड्या पाण्याच्या ओढ्यांत लेप्टोचाही धोका असतो, हे आपल्याकडच्या लोकांना पटवावे लागू नये. आम्ही सुरूच्या झाडाखाली बसून राहिलो. क्षितिजावर धुरकट पट्टा होता. दक्षिणेचा वारा पाचशे किलोमीटर दूरच्या ज्वालामुखीची वाफ अशी येथवर आणतो. दम्याच्या रुग्णांनी अशा दिवसांसाठी औषध जवळ ठेवावे.

"तुझ्या पर्जन्यछायेचं काय झालं?" मी विचारले. ताईने वाळूत बोटाने बेटाचा गोल काढला, मध्ये टिंब दिले आणि बाणाची दिशा बदलली. "छाया तीच. वारा फिरला की तीही फिरते. मुलांना हे सांगायचं राहूनच जायचं."

सहावा दिवस : परत

पहाटे तीनला पत्र्यावर ताशा वाजला तेव्हा मी अर्धवट झोपेत हसले. व्यापारी वारे परतले होते. आंटींनी निरोप देताना कुलोलोची पुरचुंडी दिली. ताईने मोडक्या काड्यांची छत्री तेथेच ठेवू का विचारले, तर त्या म्हणाल्या, "ठेव, कोंबडीला सावली होईल."

विमानतळावर सामान तपासताना ताईची पर्स बाजूला काढली गेली. तपासनिसाने विटकरी खड्यांची पुडी उजेडात धरली आणि त्याचा आवाजच बदलला. कुठून मिळाली, कोणी दिली, हे त्याने विचारले. ताईने हानापेपे म्हटले. त्याने पुडीचे तोंड नीट दुमडून, दोन्ही हातांनी ती परत दिली.

"काल तिकडे पाऊस होता का?"

"होता, सकाळी बराच होता," ताई म्हणाली.

त्याने जिभेने च्‌ केले आणि पुढच्या प्रवाशाला हात केला.